खारट पोह्यांची आवृत्ती

पहिला घास तोंडात गेला आणि मंदाकिनी गुल्हाने यांना वाटलं, आपल्या जिभेलाच काहीतरी झालंय. दुसरा घास घेतला. जीभ ठणठणीत होती. पोहेच खारट होते, आणि ते थोडेथोडके नाही, घशाला कोरड पडावी इतके.

पण बोलायची सोय नव्हती. परतवाड्याच्या काळमेघांकडे मुलगी बघायचा कार्यक्रम चालला होता. गाड्या आपल्या आपण चालायला लागल्या, फोन डोळ्यांकडे बघून उघडायला लागले, तरी मुलगी बघायला गेलं की पोहे यायचे ते येतातच. बशी हातात आली की मान डोलवायची, 'वा, छान झालेत' म्हणायचं आणि गिळायचं. मंदाकाकूंचे यजमान अरविंदराव रक्तदाबाचे पेशंट. त्यांनी तीनदा पाणी मागितलं, पण चेहरा हसराच ठेवला. आणि चिरंजीव पराग? तेहतीस वर्षांच्या या मुलानं आतापर्यंत आठ घरचे पोहे खाल्ले होते आणि आठही ठिकाणी काही ना काही खोट काढली होती. आज त्यानं बशी चाटूनपुसून संपवली आणि वर म्हणतो, "अजून थोडे चालतील."

काकू त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"घ्या नं, घ्या!" मुलीची आई खुशीत आली. त्या माउलीनं स्वतः एक दाणाही चाखला नव्हता. पाहुण्यांच्या आधी घरच्यांनी तोंड लावायचं नाही, ही त्या घरची शिस्त. "तुमचाच व्हिडिओ बघून केलेत हो ऋतुजानं. मी म्हटलं, खुद्द मंदाकाकू येऊन राहिल्या, तर त्यांच्याच पद्धतीचे होऊ दे."

नऊ लाख माणसं ज्यांच्याकडून स्वयंपाक शिकतात, त्या मंदाकाकू त्या याच. आणि त्यांच्या पद्धतीचे पोहे असे? हात धुवायचं निमित्त करून त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या. ऋतुजा ओट्याशी उभी होती. एकोणतीस वर्षांची, औषधांच्या दुकानात काम करणारी, शांत चेहऱ्याची मुलगी. काकूंना ती पहिल्या नजरेतच आवडली होती.

"कोणता व्हिडिओ बघितलास, बेटा?"

ऋतुजानं फोन पुढे केला. पडद्यावर मंदाकाकू होत्या. तीच हिरवी साडी, तीच स्टीलची परात, तेच ते 'नमस्कार मंडळी'. आणि त्या मंदाकाकू छान हसून सांगत होत्या, "आठ जणांचे पोहे आहेत. भिजवताना तीन चमचे मीठ लावून ठेवायचं, म्हणजे ते आतपर्यंत मुरतं. मग फोडणीत पुन्हा तीन चमचे."

"अगं बाई!" काकूंच्या तोंडून निघून गेलं. हे वाक्य त्या उभ्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

"काही चुकलं का, काकू?"

"नाही, नाही. छान झालेत." काकूंनी पडद्याच्या कोपऱ्यातला बारीक आकडा तेवढा लक्षात ठेवला. आवृत्ती क्रमांक ४१७०२६.

आता हे आवृत्तीचं प्रकरण काय ते सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट पुढे सरकायची नाही.

मंदाकाकू शाळेतून निवृत्त झाल्यावर चार वर्षं रेसिपीचे व्हिडिओ टाकत होत्या. बघणाऱ्या म्हणजे नणंदा, जावा आणि शाळेतल्या जुन्या बाया. मग एका कंपनीनं 'मनकवडा' नावाची सेवा काढली. तिचं म्हणणं असं, की माणूस 'पोहे' असं शोधतो तेव्हा त्या शब्दावरून काहीच कळत नाही. एकीच्या दारात पाहुणे उभे असतात. एकाला वसतिगृहाच्या खोलीत घरची आठवण येत असते. तिसऱ्याला साखर आहे आणि पोहे खावेत की नाही हेच त्याला ठरवायचं असतं. तिघांना एकच व्हिडिओ दाखवला की दोघं उठून जातात, आणि चॅनल जिथल्या तिथे राहतं.

मनकवडा शब्दांच्या मागे बघायचा. बघणाऱ्याची नजर कुठे थांबते, अंगठा कुठे घुटमळतो, व्हिडिओ मागे ओढून कुठला भाग पुन्हा बघितला जातो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माणूस काय लिहितो आणि लिहून काय पुसतो. अशा कोट्यवधी माणसांनी त्यानंतर प्रत्यक्षात काय केलं, हे त्यानं शिकून ठेवलं होतं. त्यावरून तो समोरच्याचा हेतू ओळखायचा आणि आपल्याला किती टक्के खात्री आहे तेही सांगायचा.

ही झाली अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी म्हणजे व्हिडिओ त्या हेतूला जुळवायचा. त्यासाठी काकू तीन दिवस एका स्टुडिओत बसून बोलल्या, हसल्या, कांदे चिरले, फोडण्या घातल्या. यंत्रानं त्यांचा आवाज, चेहरा आणि हात उचलले. पुढे ज्याचे त्याला वेगळे पोहे मिळायला लागले. वसतिगृहातल्या पोराला काकू आधी विचारायच्या, 'जेवलास का रे नीट?' घाईतल्या बाईला दीड मिनिटात मोकळं करायच्या. बघणारा त्याच गोष्टीसाठी परत शोधायला आला नाही, की मनकवडा समजायचा, काम झालं. दीड वर्षात चॅनल शे-दीडशेवरून नऊ लाखांवर गेलं.

प्रत्येक आवृत्तीला काकूंची मंजुरी लागायची, तसा करारच होता. पहिल्या दिवशी चाळीस आवृत्त्या आल्या. काकूंनी चष्मा लावून सगळ्या बघितल्या. तिसऱ्या दिवशी चार हजार आल्या. पाचव्या दिवशी त्यांनी 'सगळ्या मंजूर, आलेल्या आणि येणाऱ्याही' यावर बोट ठेवलं आणि त्या वाटाणे सोलायला बसल्या.

परतवाड्याहून अमरावतीला येताना गाडी आपली आपण चालली होती. रस्त्याकडे बघायचं काम कोणालाच नसल्यामुळे तिघंही एकमेकांकडे बघत होते.

"मला मुलगी पसंत आहे," पराग म्हणाला.

"अरे, पण मीठ?" अरविंदरावांनी पाण्याची चौथी बाटली उघडली.

"मिठाचं काय घेऊन बसलात, बाबा?"

तेवढ्यात काळमेघ सरांचा फोन आला. ऋतुजाचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. "आमच्याकडून होकार आहे बरं का, ताई! ऋतुजाला विचारलं, तिनं मान हलवली. साखरपुड्याची तारीख काढून टाकू." गाडीत आनंदीआनंद झाला. अरविंदराव मीठ विसरले. काकूही हसल्या, 'हो हो' म्हणाल्या, पण त्यांच्या डोक्यात ती हिरव्या साडीतली बाई सारखी बोलतच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चॅनलच्या नोंदींत तो क्रमांक शोधला. बघणाऱ्याचं नाव तिथे नसतं, हेतू मात्र असतो, आणि नोंदीवर बोट ठेवलं की त्याच बघणाऱ्याचा ताजा आकडाही उघडतो. समोर लिहिलेलं होतं : 'हेतू : पाहुण्यांकडून नकार यावा. खात्री : एकाहत्तर टक्के. बदल : मिठाचं प्रमाण वाढवलं. परिणाम : समाधानकारक.'

"समाधानकारक म्हणे, मेल्याला!" काकू एकट्याच ओरडल्या. मग त्यांनी कंपनीच्या लोखंडे मॅडमना फोन लावला.

"यंत्र चुकलेलं नाही, काकू," लोखंडे मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "पोहे खारट झाल्यावर जे शोधतात, त्यांना उपाय हवा असतो. पोहे करायच्या आधीच जे बिघडण्याबद्दल शोधतात, त्यांना दुसरंच काही हवं असतं. आमच्याकडे हजारो मुलींचा अनुभव आहे."

"म्हणजे तिला हे लग्न नको?"

"एकाहत्तर टक्के."

"आणि उरलेल्या एकोणतीस टक्क्यांत हवंय?"

"तसं नाही, काकू. ते एकोणतीस टक्के म्हणजे यंत्राला माहीत नाही."

"अहो, मग माझ्या तोंडून हे वदवण्याआधी मला विचारायचं नं!"

"तुम्ही सगळ्या मंजूर केल्या होत्या," लोखंडे मॅडम म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

काकूंचं डोकं भणभणलं. मुलगी तोंडानं हो म्हणते. यंत्र म्हणतं, तिच्या मनात नाही. यंत्राचं ऐकावं तर परागचं जमत आलेलं लग्न आपल्याच हातानं मोडावं लागेल. आठ मुलींनंतर पोरगा पहिल्यांदा मनापासून हो म्हणाला होता. न ऐकावं तर एक नको म्हणणारी मुलगी घरात आणून ठेवायची, आणि रोज तिच्या हातचा चहा घेताना ते आठवत राहायचं. कोणाला सांगावं? काळमेघ सरांना सांगितलं तर पोरीची घरात काय गत होईल! अरविंदरावांना सांगावं तर ते आधी रक्तदाब मोजतील. शेवटी दुपारची बस पकडून काकू एकट्याच परतवाड्याला गेल्या.

औषधाच्या दुकानाशेजारी रसवंती होती. तिथे बाकड्यावर बसून काकूंनी ऋतुजाला ती नोंद दाखवली. ऋतुजानं ती दोनदा वाचली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी असलं काही शोधलं नव्हतं, काकू." रसाचा ग्लास तसाच राहिला. मग ती म्हणाली, "लिहिलं होतं. 'पोहे बिघडले तर पाहुणे' एवढंच लिहिलं आणि पुसून टाकलं. पण बिघडतील या भीतीनं लिहिलं, की बिघडावेत म्हणून लिहिलं, हे तुम्ही आता विचाराल तर मला नाही सांगता येणार."

"आणि मीठ घालताना?"

"फोडणीत दुसरा, म्हणजे एकूण पाचवा चमचा टाकताना हात थांबला होता. जास्त होतंय हे कळत होतं. पण वाटलं, काकू सांगताहेत म्हणजे बरोबरच असेल. की तसं वाटून घेतलं? तेही नाही माहीत."

"मग होकार काहून दिलास गं?"

ऋतुजा कसंनुसं हसली. "त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. मला आत हसू आलं. मग रडू आलं. तेवढ्यात बाबा विचारायला आले आणि मान हलली. कशाला हलली, कोणास ठाऊक." मग ती एकदम काकूंच्या फोनकडे वाकली. "आज किती आहे, काकू?"

"काय किती?"

"टक्के. कालपासून मी तुमचे अकरा व्हिडिओ बघितलेत. एवढ्यात त्याला नक्की कळलं असेल. तुम्हाला दिसतं नं? सांगा. जे असेल ते मी मान्य करेन."

काकूंच्या हातात फोन होता. बोट ठेवायचा अवकाश, आकडा आला असता. आणि खरं सांगायचं तर पोरीपेक्षा त्यांनाच तो बघायची जास्त घाई झाली होती. पन्नासच्या खाली आलेला असला म्हणजे? गंगेत घोडं न्हालं! तारीख काढायची आणि मोकळं व्हायचं. बोट पडद्यापर्यंत गेलं. पण आकडा ऐकायला समोर टक लावून बसलेला तो चेहरा बघून त्यांना विलक्षण भीती वाटली. एवढी शिकलेली पोरगी स्वतःचं मन दुसऱ्याच्या फोनमध्ये शोधत होती, आणि तो फोन त्यांचा होता. त्यांनी तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली.

"मी नाही सांगणार. आणि मीही नाही बघणार."

"का पण?"

"साठ निघाले तर तू नाही म्हणशील आणि चाळीस निघाले तर हो म्हणशील. मग त्या यंत्राशीच लग्न लाव नं, बाई!"

ऋतुजा चिडली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मग मला कळायचं कसं? आमच्याकडे कोणी थांबतं का? 'पसंत आहे नं' असं बाबा विचारतात तेव्हा त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा असतो, काकू! तुमच्या त्या यंत्रानं निदान मी काय पुसलं ते तरी बघितलं."

रसवंतीच्या घुंगरांचा आवाज चालला होता. काकूंनी तिचा रसाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला आणि त्या म्हणाल्या, "मी थांबते. साखरपुडा मी पुढे ढकलते, दोष माझ्यावर घेते. परागला खरं सांगीन, बाकी कोणाला नाही. किती दिवस पाहिजेत तुला?"

"माहीत नाही."

"बरं. तेवढे दिवस घे."

बोलणं सोपं होतं. काळमेघ सर फोनवर दुखावले. "पोह्यांवरून का हो, ताई?" असं त्यांनी तीनदा विचारलं. "पोह्यांत खोट माझी होती, भाऊ, माझ्या व्हिडिओची," असं काकू तीनदा म्हणाल्या, आणि सरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. अरविंदरावांनी दोन दिवस अबोला धरला.

परागला त्यांनी सगळं सांगितलं. तो भडकेल म्हणून त्या तयारीत होत्या. तो भडकला नाही. डोक्याला हात लावून बसला.

"मला वाटलं होतं, मुद्दामच केलेत," तो म्हणाला.

"काय?"

"चुकून एवढं मीठ कोणी घालत नाही, आई. मला वाटलं, या मुलीला नाही म्हणायचंय आणि तोंडानं म्हणता येत नाही, म्हणून तिनं ही युक्ती काढली. आठ जणींशी गच्चीवर पंधरा-पंधरा मिनिटं बोललो. सगळ्या पाठ केल्यासारखं बोलल्या, मीही तसाच बोललो. पहिल्यांदा कोणीतरी काहीतरी खरं केलं, असं वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा घेतले, आणि म्हणूनच आवडली ती मला."

"अरे, जी नको म्हणते ती आवडली तुला?"

"हो. आणि आता तू म्हणते, ते तिनं केलंच नाही, तुझ्या यंत्रानं केलं." त्यानं वर बघितलं. "मग मला नेमकी कोण आवडली, आई?"

काकू त्याच्याशेजारी बसल्या आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आयुष्यात इतकं गोंधळल्यासारखं त्यांना कधी झालं नव्हतं.

त्या आठवड्यात त्यांनी मनकवडा बंद केला. लोखंडे मॅडमनी समजावलं, धमकावलं, पुन्हा समजावलं. काकूंनी पोह्यांचा नवा व्हिडिओ केला, सगळ्यांना एकच. 'आठ जणांना दोन सपाट चमचे मीठ, आणि पाहुण्यांच्या आधी स्वतः चव घ्या, कोणी काही म्हणत नाही.' महिन्याभरात बघणारे निम्म्यावर आले. खाली लोक लिहायला लागले, 'काकू, तुम्ही बदललात. पूर्वी माझ्या मनातलं बोलायच्या.' एका बाईनं तर 'तुम्ही आता माझ्याशी का बोलत नाही?' असं विचारलं. त्या बाईशी आपण कधी बोललोच नव्हतो, हे तिला कसं सांगायचं ते काकूंना सुचेना. त्यांनी ती प्रतिक्रिया चार वेळा वाचली आणि उत्तर द्यायचं तसंच ठेवलं.

परतवाड्याहून काहीच येत नव्हतं. पराग विचारत नव्हता, पण जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायला लागला होता.

सहाव्या आठवड्यात, एका रविवारी सकाळी फोन वाजला. पराग तो घेऊन खिडकीशी गेला. काकू भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. अरविंदरावांनी पेपर खाली केला. परागचंच बोलणं तेवढं ऐकू येत होतं. "हो." "नाही, बोल नं." "अच्छा." मग बराच वेळ काहीच नाही. "हो, समजलं." पुन्हा काहीच नाही. "हं. चालेल." बोलणं चांगलं पाऊण तास चाललं. मग तो येऊन खुर्चीत बसला.

"काय म्हणाली?" काकूंना राहवेना.

"नाही म्हणाली."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. लेकासाठी आलं, आणि त्या पोरीसाठीही आलं. त्या शांत मुलीच्या तोंडून हा शब्द निघाला तरी कसा असेल, असं त्यांना वाटलं.

"स्पष्ट म्हणाली," पराग सांगत होता. "घरच्यांनी ठरवलेलं हे लग्न मला नको. काल तिनं तिच्या बाबांनाही सांगितलं, समोर बसून. ते चिडले, ती उठली नाही. मग मला म्हणाली, तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगायला हवं."

"बरोबर आहे तिचं," अरविंदराव हळूच म्हणाले. "मग पाऊण तास काय बोलत होता?"

"तेच तर." पराग खरोखरच चक्रावलेला दिसत होता. "नाही म्हणून झाल्यावर ती फोन ठेवेल असं वाटलं. पण ती बोलायलाच लागली. दुकानाबद्दल, तिला पुढे काय शिकायचंय त्याबद्दल, बाबांबद्दल. मीही बोललो. आणि शेवटी विचारते, पुढच्या रविवारी पुन्हा फोन केला तर चालेल का?"

"मग तू काय म्हणालास?"

"चालेल म्हटलं." त्यानं आईकडे बघितलं. "आई, याचा अर्थ काय?"

'हिला आपल्या मनातलं कळतं' असं नऊ लाख माणसांना जिच्याबद्दल वाटत होतं, त्या बाईनं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की आपल्याला यातलं ओ की ठो कळत नाहीये. आणि त्याचं तिला वाईटही वाटलं नाही.

"मला काय माहीत, बाप्पा!" काकू पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "मला काय विचारून राहिला? तिला विचार नं."

पराग थोडा वेळ फोनकडे बघत बसला. मग त्यानं रविवारची वाट न बघता ऋतुजाचा नंबर लावला.